मेणाच्या वडीतला कोंब

॥ श्री गुरुराजो विजयते ॥

लक्ष्मेश्वर, १७ सप्टेंबर १९९१

ती. रुक्माक्कास,
अंबुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं, धारवाडचे पेढे नाही पोहोचले. भावजींनी वाटेत संपवले असं मी इथे सांगून ठेवलं आहे.

आता खरं ते लिहिते. वर्षभर मला पाळी नसतानाही मधूनच लाल दिसायचं. गदगच्या डॉक्टरांनी तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी एक कोंब लोंबत होता, देठाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तुमच्या वयात पुष्कळ बायकांना येतात म्हणाले आणि चिमट्याने पिळून काढला. फार दुखलं नाही. तो तपासायला पाठवला, त्याचा कागद आला. आतल्या पेशी बदलल्या आहेत, ग्रंथींची दाटी झाली आहे, कर्करोग नाही असं खात्रीने सांगता येत नाही. आहे, असंही लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचून घेतलं.

डॉक्टर म्हणतात, दसऱ्यानंतर पिशवी काढून टाकू. लग्नाला नऊ वर्षं झाली, एकदा राहिलं ते गेलं, हे तुला ठाऊकच आहे. पिशवी गेली की आशाच संपली. शेजारच्या पद्माबाई मात्र म्हणाल्या, सुटलीस गं, बाहेर बसणं कायमचं गेलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सोवळ्याच्या स्वैपाकाला बारा महिने एक हात मिळेल, हे त्यांच्या मनात आलं असेल, नसेलही. हे म्हणतात, तुला वाटेल ते कर. काय वाटतं ते कळलं असतं तर मी यांना विचारलं असतं का?

लोभ आहेच, या खेपेला थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
अंबू

*

धारवाड, २४ सप्टेंबर १९९१

चि. सौ. अंबूस,
अनेक आशीर्वाद.

पेढे मीच खाल्ले. भावजींवर आळ घेऊ नकोस.

तुझ्या यजमानांची, जयतीर्थरावांची चिठ्ठी घेऊन गदगला जाऊन आले. तुझा कोंब तिथे मेणात बसवून ठेवला आहे. त्या वडीचे पातळ काप काढतात आणि काचेवर ठेवून बघतात. वडी मागितली तर देतात हे मला कुठे माहीत होतं? बसमध्ये ऊन नेमकं माझ्या अंगावर. मेण वितळून तू माझ्या पिशवीत सांडशील असं वाटून ओल्या रुमालात गुंडाळून आणली. पुन्हा तपासून घ्यायला ती हुबळीच्या, काचा बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांना हे सांगितलं, त्या हसल्या नाहीत. तेव्हा मलाच कसंसं झालं.

त्या म्हणाल्या, दाटी आहे खरी. पण अशी दाटी साध्या कारणानेही होते. बाई गरोदर असेल तर, किंवा मूल होऊ नये म्हणून गोळ्या घेत असेल तर. गदगच्या कागदावर लिहिलं आहे की तू काही औषध घेत नाहीस. तरी विचार म्हणाल्या. म्हणून विचारते. रागावू नकोस, आठवून लिही.

सासूबाईंना नमस्कार. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

तुझी,
रुक्माक्का

*

लक्ष्मेश्वर, २८ सप्टेंबर १९९१

ती. रुक्माक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मंत्रालयाला गुरुरायांच्या मठात लोटांगणं घातली ती मी. सोळा सोमवार केले ते मी. आणि मूल होऊ नये म्हणून गोळ्या मी घेईन? सख्ख्या बहिणीने हे कागदावर लिहून विचारावं? गरोदरही नाही, हे तुला वेगळं सांगायला हवं का?

म्हणजे साधं कारण एकही नाही. उरलं ते दुसरं. मी गदगला होकार कळवला. एकवीस ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचा सोमवार. सकाळी वाटतं, जीव वाचला तर पुरे. पुरणाचे होळिगे लाटायला बसले की वाटतं, वाचवून तरी कुणासाठी लाटायचं. दुपारी पुन्हा सकाळचं खरं वाटतं.

वडी परत देऊन टाक. राग आहे, पण लोभाच्या खालीच आहे.

अंबू

*

लक्ष्मेश्वर, १ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. रुक्मिणीबाईस,
अंबूची सासू भागीरथीबाई हिचे अनेक आशीर्वाद.

पितृपक्षाची गडबड आहे. शुक्रवारी आमच्या घरचं श्राद्ध. तुला पत्र लिहून अंबू रडत बसली होती. काय झालं विचारलं तर सांगत नाही. तू काही बोलली असशील तर तोंड आवर. पोर घराला जपणारी आहे. गुरुरायांची आराधना म्हणू नकोस, गौरी म्हणू नकोस, तिने एक सण चुकवला नाही. दोन वर्षं सणासणाला आणि यंदा श्रावणापासून सलग, सकाळी तुळशीला पाणी घातलं की मी स्वतः तिच्या हातावर बाहेर बसणं पुढे ढकलणारी सणाची गोळी ठेवते. गल्लीतल्या साऱ्या सुना घेतात.

इथल्या दुकानात त्या संपल्या. नवरात्र तोंडावर आलं. हुबळीहून दोन पाकिटं घेऊन लक्ष्मेश्वरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दे. रिकामं पाकीट सोबत ठेवलं आहे, नाव बघून तेच घे. दुसऱ्याने तिला मळमळतं. ऑपरेशनच्या आधी तिच्या हातचं डाळगुळाचं हयग्रीव एकदा देवीला दाखवायचं आहे. पुढचं गुरुरायांच्या हाती.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद सांगावेत.

भागीरथीबाई

*

धारवाड, ५ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. अंबूस,
अनेक आशीर्वाद.

एकवीस तारखेचं ऑपरेशन रद्द कर. आधी ते कर, मग पुढचं वाच.

तुझ्या सासूबाईंनी पाठवलेलं पाकीट घेऊन मी हुबळीला गेले. डॉक्टरीणबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि काच पुन्हा लावली. मूल होऊ नये म्हणून घेतात त्या गोळ्यांच्याच जातीचं हे औषध. त्यानेच ग्रंथी दाटल्या. घेणं थांबवलं की बहुतेक ओसरतं. कर्करोग नाही, असं या वेळी खात्रीने लिहून दिलं आहे, तो कागद सोबत आहे. पिशवीला हात लावायचा नाही, गोळ्या बंद, तीन महिन्यांनी दाखवायचं. बंद केल्यावर पाळी काही महिने मागेपुढे होईल, त्याने घाबरायचं नाही.

तू खोटं बोलली नाहीस. औषध घेता का, असं गदगला विचारलं. तुळशीपाशी मिळणाऱ्या गोळीला औषध कोण म्हणेल? पण रोज घेत असताना दिवस राहणं अवघड असतं, हेही डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुझ्या सासूबाईंना हे काय तोंडाने लिहू? एक पत्र लिहून फाडलं. तूच सांग, किंवा सांगू नकोस.

गोळ्या पाठवत नाही. माया पाठवते, ती कंडक्टरकडे देण्यासारखी नाही.

रुक्माक्का

*

लक्ष्मेश्वर, २४ नोव्हेंबर १९९१

ती. रुक्माक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. काय लिहावं तेच ठरत नव्हतं.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, मी काय विष दिलं? मी म्हणाले, नाही. त्यानंतर गोळ्यांचं नाव निघालं नाही. नवरात्रात मी बाहेर बसले, पडवीत. हयग्रीव त्यांनी केलं. गूळ जास्त पडला, तेव्हा उंबऱ्यापर्यंत येऊन भिंतीकडे बघत विचारलं, आता काय घालू? डाळ घाला म्हणाले.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं. मी बाहेर बसले नाही. बसायची वेळच आली नाही. मागेपुढे होईल असं तू लिहिलं होतंस, तेच असेल. आणि गोळ्यांखेरीज दाटीचं दुसरं साधं कारण तूच लिहिलं होतंस, तेही मी विसरलेले नाही. यांना बोलले नाही. रोज वेगळं वाटतं.

आज सकाळी विहिरीवरून घागर घेऊन आले तर माझी ट्रंक उघडी. सासूबाई जमिनीवर बसून साड्यांच्या घड्या एकेक उलगडत होत्या. गोळ्या कुठे लपवल्यास म्हणाल्या. त्या डॉक्टरीणबाईने नको म्हणून सांगितलं ना, सणासाठी मरायचं आहे का तुला? एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी म्हणाले, मी घेतल्या नाहीत.

त्या हातातल्या साडीकडे बघत राहिल्या. मग ती घडी न करता तशीच ठेवून उठल्या, माझ्या कमरेवरची घागर काढून घेतली आणि स्वतःच आत घेऊन गेल्या. सोवळ्याची घागर, आणि त्यांच्या अंगावर नेसूचं ओवळंच होतं.

तेव्हापासून मी इथे बसून आहे. मला काही कळत नाही, अक्का. तू कुणाला बोलू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे. पेढे एवढ्यात पाठवू नकोस.

तुझी,
अंबू