पंपाची म्हणून करून दिलेली फ्लँज

ऋतुराज,

आज तुझ्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडलं. तुला दोनदा सांगितलं हुतं, टर्बो बसवून इंजिनात जादा हवा कोंबू नको, त्याला एवढा दाब झेपायचा न्हाय. गगनबावड्याच्या घाटात फुटलं तर तुझ्यासंगं सूनबाईचं बी बरंवाईट हुईल. तू मान डोलावलीस. मग "आबा, मळ्यातल्या पंपाला पाइप जोडायला फ्लँज पायजे" म्हणून मलाच कारखान्यात लेथवर उभं केलंस. तीच फ्लँज आज टर्बोखाली दिसली. दुसऱ्याकडनं करून घेतली असतीस, तर नुसता राग आला असता.

ती काढून कारखान्यात नेलीया. गाडी चालू करू नको.

महिनाभर मी जेवताना इचारत हुतो, पंपाला पाणी कसं येतंय? तू म्हणायचास, "झकास येतंय की, आबा!"

— आबा