तुम्ही वाचवलेली दाढ

आत्याबाई, आज बारामतीत दातांच्या एका डॉक्टरणीनं मला सांगितलं की माझं पहिलं मूल गेलं ते तुमच्यामुळे नव्हे. घरी येऊन चार तास झाले, मी अजून लुगडं बदललेलं नाही. पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला. लिहायची सवय सुटलीय म्हणून अक्षर असं आलंय. नाहीतर माझं अक्षर बरं होतं, आमची सून सातवी शिकलीय असं तुम्हीच आळीत सांगत फिरायचात.

नातीला पाचवा महिना चाललाय. तिची दाढ ठणकायला लागली, गाल सुजला, आणि डॉक्टरीण म्हणाली रूट कॅनाल करू. मी हट्टानं बरोबर गेले ती ते थांबवायलाच. नातीला म्हटलं, बाळंत होईपर्यंत कळ काढ, आपल्या घरात एकदा इस्कोट झालेला आहे. ती डॉक्टरीण नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल. तिनं न चिडता सांगितलं, "आजी, दाढेत पू तसाच ठेवणं जास्त धोक्याचं. मी तेवढीच जागा बधिर करते, त्या इंजेक्शननं बाळाला काही होत नाही. फोटो काढताना पोटावर शिशाचा एप्रन टाकते. हिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशीही बोलले आहे. हे मधले महिने तर या कामाला सगळ्यात सोयीचे." मला राग आला. मी म्हणाले, "मग माझं का गेलं? माझी अशीच दाढ केली, आणि वीस दिवसांत पोट रिकामं झालं." तिनं हातातलं खाली ठेवलं. "पोट का पडलं ते मला आज नाही सांगता येणार, आजी. कितीदा तर कुणाचाच दोष नसतो. पण दाढेच्या कामानं नाही पडलं. इतकी वर्षं तुम्ही तसं समजत होता?"

समजत होते. नुसतं समजत नव्हते आत्याबाई, गावभर सांगत होते.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष, सणसरचं आपलं घर. मला चौथा सरून पाचवा लागलेला आणि गाल असा सुजलेला की तोंडात बोट जात नव्हतं. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, हळदीचा लेप झाला. बघायला आलेली प्रत्येक बाई एकच सांगायची, पोटुशीच्या तोंडात लोखंड घालू नये, कळ काढावी. तुम्ही चुलीपुढं बसलेल्या आहात, तव्यावरची भाकरी उलटताय, आणि मान वर न करता म्हणताय, "उद्या बारामतीला जायाचं. आवरून ठेव." मी म्हणते, लोक काय म्हणतील? तुम्ही भाकरी आरावर उभी करता. "लोकं तुझा दात दुखून घेणार हायेत व्हय?"

एसटीत तुम्ही मला पुढच्या बाकावर बसवलंत, धक्के कमी बसतात म्हणून, आणि आपलं जुनेर चौपदरी करून माझ्याखाली घातलंत. वाटेत म्हणालात, "माझी थोरली भन अशाच दाढंनं गेली. सातवा महिना व्हता. समदे म्हनले, बाळंत झाल्याव बघू. सूज गळ्यापतुर उतरली, श्वासच घेता यीना तिला." बारामतीच्या त्या डॉक्टरचं यंत्र पायानं चालायचं. तो म्हणाला, दाढ उपटत नाही, आतली मेलेली नस काढून भरून देतो, म्हणजे ती कामाला राहील. तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा तुम्ही खुर्चीशेजारी उभ्या राहून माझा हात धरलात. तिसऱ्या खेपेनंतर मी पोटभर भाकरी खाल्ली, आणि तुम्ही माझ्याकडे बघत बसलात, स्वतः जेवायचं विसरून.

मग वीस दिवसांनी ते झालं. सुईण हात धूत म्हणाली, "तोंडात लोखंड घातल्याव पोटातलं कसं टिकंल?" मला कुणावर तरी राग काढायचाच होता, तिनं आयता माणूस दाखवला. मी ते माहेरी सांगितलं. परत आल्यावर कालव्यावर धुणं धुताना सांगितलं. तुमच्या थोरल्या बहिणीची गोष्टसुद्धा सांगितली, आणि वर म्हणाले, बनवून सांगत्यात, अंगाशी आलं म्हणून. अख्ख्या आळीत पाळणा बांधायला तुम्हाला बोलवायचे, कारण तुमची पाची लेकरं जगलेली. गरवारणीच्या ओटीत पहिली मूठ तुमची. त्या वर्षापासून तुम्हाला कुणी बोलावलं नाही. असं का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. माझ्याशी तोंड वाकडं केलं नाहीत. मी मात्र ते कबुली म्हणून धरलं. चूक असल्याशिवाय कोण इतकं गप बसतं, असं माझं शहाणपण.

पुढं थोरला झाला. बारशाच्या दिवशी तुम्ही न्हाऊन, नवी दोरी घेऊन माजघराच्या दाराशी उभ्या. बायका माझ्याकडे बघतायत. मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. दुसरं कुनीबी बांधंल." तुम्ही "बरं" म्हणालात, दोरी उंबऱ्यावर ठेवलीत आणि घुगऱ्या शिजल्या का बघायला चुलीकडे गेलात. इतकी वर्षं मला त्या गोष्टीचं काही वाटलं नाही, उलट आपण लेकरू सांभाळलं असं वाटायचं. आज दुपारपासून मला ती दोरीच दिसतेय.

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. आणि तुम्हाला वाचता कुठं येत होतं, तेव्हा हे पत्र मी माझ्याच ट्रंकेत ठेवणार. पण एक सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. नातीचं काम उरकल्यावर डॉक्टरीण म्हणाली, आजी, तुमचंही तोंड बघू. तोंडात आता दात किती राहिलेत म्हणा, पण ती दाढ आहे. आज सकाळी दशमी तिच्यावरच चावली. तिनं आरसा घालून बघितलं आणि म्हणाली, "ही भरलेली चांदी तेव्हाचीच ना? नशीब तुमचं. त्या काळात दिवस गेलेले असताना तुम्हाला दातांच्या डॉक्टरकडे आणलं कुणी? धाडसाचं माणूस असणार." नात अर्धं तोंड बधिर घेऊन माझ्याकडे बघत होती. तुमचं नाव माझ्या ओठांवर होतं, आत्याबाई. पण ते घेतलं असतं, तर पुढचं सगळं नातीला सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, आठवत नाही.