लाभ, दोन, तीन

गोरेगाव (जि. गोंदिया),
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. गजेंद्र यास भोजराजमामाचे अ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. प्रथम त्यातील चुका. तू लिहितोस, ‘आईला खोटे माप वापरताना पकडले व तिने ते कबूल केले.’ ‘पकडले’ हे क्रियापद चोराला लावतात. पुष्पा आपल्या नेहमीच्या जागेवर बसली होती. तिची पायली खोटी नव्हती, बिनशिक्क्याची होती. आणि तिने काहीही कबूल केलेले नाही. मी तेथे सही झाल्यावर पोहोचलो, म्हणून पुष्पा आणि गिऱ्हाईक या दोघांकडून वेगवेगळे ऐकून घेतले. दोन्ही कथने जुळतात. ती अशी.

ती वाळलेली मोहफुले पायलीने मोजून देत होती. देवरीकडचा टिकाराम पिशवी धरून उभा होता. आपल्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात; एक म्हटले की रास एकटी पडते, असे तुझी आजी सांगे. लाभ, दोन, तीन, चार, अशी पुष्पाची मोजणी झाली आणि तपासणीचे साहेब आले. यापुढे पायली बंद, सगळे किलोने आणि शिक्का मारलेल्या काट्यावरच, असे त्यांनी बजावले. कायदा जुना आहे, सक्ती नवी. किती मापे दिलीस, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, “लाभ धरून चार झाले, साहेब.” सोबतचा कारकून शहरात वाढलेला. त्याने जबाबात लिहिले, ‘चार मापांवर लाभ घेतल्याचे मान्य’, आणि ते चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवले. पुष्पाने सही केली, कारण आपण बोललो तोच शब्द तिला ऐकू आला.

पुढच्याच बाजारात तिचे नाव ‘लाभवाली’ पडले. आज किती लाभ झाला, असे पोरेटोरेही विचारतात. किरकोळ विक्रेत्यांनी सक्तीविरुद्ध निवेदन दिले, त्याचा मसुदा माझा आहे. आमचे भांडण किलोशी नाही. मुरमुऱ्यासारख्या हलक्या मालाला वाऱ्यात काटा स्थिर राहत नाही, उघड्यावर तो भिजतो, वर्षाकाठी शिक्क्यासाठी गोंदियाला खेटे घालावे लागतात. टोपलीभर माल विकणारीला हे झेपणारे नाही. एवढेच त्यात लिहिले आहे. परंतु विक्रेत्यांचा पुढारी मनिराम याने त्यातून पुष्पाचे नाव खोडले. कबुली दिलेल्या बाईमुळे सगळ्यांची बाजू लंगडी होते, असे त्याचे म्हणणे. ज्या बायकांसोबत ती जन्मभर बसली, त्यांपैकी कोणीही त्याला अडवले नाही.

मी जबाबाच्या दुरुस्तीचा अर्ज केला आहे. ‘येथे लाभ हे नाम नसून संख्याविशेषण आहे’, असे त्यात सोदाहरण दाखवले आहे. लोभ आहेच, शुद्धलेखन तेवढे वाढवावे.

तुझा,
भोजराजमामा


नागपूर,
दि. १४ फेब्रुवारी

ती. मामाजींस गजेंद्रचा शि. सा. न.

तुमचं पत्र वाचलं. मले सांगणाऱ्यानं जे सांगितलं, तेच मी लिहिलं होतं. आईबद्दल तसं मानलं, याची आता लाज वाटून राहिली. पण मामाजी, संख्याविशेषण कोणता साहेब वाचून राहिला? तुमच्या वर्गात मीही त्याच प्रश्नाले नापास होत होतो.

आई फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ यापुढे जात नाही. मी तिले म्हटलं, बाजार सोड, इकडे ये, इथे तुले कोणी ओळखत नाही. तर म्हणते, आत्ता आली तर लोक म्हणतील लाभवाली पळाली, कागद साफ झाला की येतो. कायले इतका जीव लावते त्या कागदाले? काटा पाठवला आहे. तो चालवायले नूतननं तिले फोनवर शिकवलं. नूतन, तुमची सून, म्हणते, आई आकडा बरोबर वाचते, पण माल टाकताना अजून ‘लाभ’च म्हणते.

तुम्ही जवळ आहात, तिले सांभाळा. पत्रातल्या चुकांवर लाल शाई करा, पण माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
गजेंद्र


गोरेगाव,
दि. ७ मे २०२५

चि. गजेंद्र यास अ. आ. वि. वि.

पुष्पाच्या स्मरणार्थ छापावयाचा तुझा मजकूर मिळाला. ‘अपमानामुळे निधन’ हे शब्द काढून टाक. डॉक्टरांनी ताप फुप्फुसात उतरल्याचे लिहिले आहे. जे मला सिद्ध करता येत नाही ते मी छापू देणार नाही, मला ते ठाऊक असले तरी.

तिच्या शेवटच्या बाजाराला मी शेजारी बसलो होतो. तू पाठवलेला काटा विटांवर मांडला होता. एका बाईने मुरमुरे मागितले. वाऱ्याने थाळी हलत होती, आकडा थांबेना. पुष्पाने पहिली ओंजळ टाकली आणि हळूच म्हणाली, ‘एक’. माल मोजताना तिच्या तोंडून मी तो शब्द प्रथमच ऐकला. त्या दिवशी कोणी हसले नाही. परतताना तिने विचारले, “भाऊ, लाभ हा शब्द वंगाळ हाये का?” मी सांगितले, शब्द शुद्ध आहे, त्याला क्रियापद चुकीचे लावले गेले. तिने मान हलवली. तिला ते पटले की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्यानंतर ती अंथरुणावरून उठली नाही.

निवेदनाला उत्तर आलेले नाही. पुष्पाच्या जागेवर आता ठोक व्यापाऱ्याची पोती आहेत. जुन्या बायका त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने माल घालतात. माझ्या अर्जाचे उत्तर मात्र आले, हे तुला फोनवर कळवलेच आहे; त्यातील शब्द असे. ‘लाभ याऐवजी एक असे वाचावे; विक्रेतीविरुद्ध कबुली समजू नये.’ वाक्यरचना निर्दोष आहे. पायली नियमानुसार मोडण्यात आली, असे खाली लिहिले आहे. मनिराम तो कागद बाजारात वाचून दाखवू म्हणाला. मी त्याला नको म्हटले नाही. तो वाचत असताना लोक भाव विचारत होते.

सूनबाईंस आशीर्वाद. आपल्या दोघांत आता तूच धाकटा उरलास, म्हणून लोभाचा भार तुझ्यावर.

तुझा,
भोजराजमामा

ता. क. तुझ्या मजकुरातील तारखा चुकल्या आहेत. त्या पुढीलप्रमाणे कराव्यात.

लाभ. जबाब घेतला : १६ जानेवारी. तू १७ लिहिली आहेस.

दोन. शेवटचा बाजार : ६ मार्च. १३ मार्चला तिची जागा रिकामी होती.

तीन. निधन : १९ मार्च. १८ नव्हे.

चार. निर्दोष असल्याचा कागद : २ मे. तू त्यापुढे ‘हयातीतच’ असे लिहिले आहेस. तो शब्द खोडावा.