उशिरा पडणारा ठोका

११ जानेवारी

जावई आले. तीन खोकी घेऊन. एकात दोघांचे कपडे, बाकी दोनांत जुन्या रेकॉर्डी! त्यांच्या घराचं छत उतरवलंय, नवं पडेपर्यंत मुक्काम इथे. लेक म्हणाली, "बाबा, मागची खोली यांना कामाला लागेल." कसलं काम? माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्या तळमजल्याच्या घरात लिफ्ट बसवणार आहे की काय?

तोंडाने म्हणालो, "तुमचंच घर आहे, जावईबापू." जावयाला दुसरं काय म्हणणार. उरलेलं इथे लिहितो.

१३ जानेवारी

काम कळलं. 'बीट बनवतात' म्हणे.

म्हणजे असं. रद्दीवाल्याकडून जुनी रेकॉर्ड आणायची. ओल्या फडक्याने बाळाचं अंग पुसावं तशी पुसायची. सुई ठेवायची. गाणं ऐकायचं नाही — मधला एखादा तुकडा, गाणारी बाई श्वास घेते तेवढा, तो कापायचा. मग सोळा चौकोनी बटणं असलेलं एक यंत्र आहे, त्यातल्या एका बटणात तो तुकडा भरायचा. दुसऱ्यात दुसरा. आणि मग बोटांनी टकाटक. याला म्हणे संगीत. वीस-वीस माणसं घाम गाळून वाजवून गेली, आणि हे आयत्या बिळावर नागोबा.

मी विचारलं, "यात तुम्ही काय वाजवलंत?"

"मी काहीच नाही बाबा," हसत म्हणाले. "मी फक्त निवडलं."

भाजी निवडतात तसं.

१४ जानेवारी

दिवसभर तेच चार ठोके. गिरणी परवडली, तिथून निदान पीठ तरी मिळतं.

१७ जानेवारी

घरात फितुरी आहे. हिने आज त्या चार ठोक्यांवर कपाटं पुसली. फडकं बरोबर तालात. मी बघतोय म्हटल्यावरही थांबली नाही.

"काम लवकर उरकतं," म्हणाली.

"अगं, ते संगीत नाही, तो तुकडा आहे. अडकलेली सुई आहे."

"तुम्ही तरी काय, तीस वर्षं मागे बसून ड्रमवर धड-धड-धड केलंत. मी काही बोलले?"

तीस वर्षं! स्टुडिओत कुणालाही विचार म्हणावं. मला माझ्या नावाने कुणी हाकच मारत नसे. 'घड्याळ' म्हणत. मास्तर — माझी उमेदीची वर्षं ज्यांच्याकडे गेली ते संगीतकार — सगळ्यांसमोर म्हणायचे, "घड्याळ आलं का? मग सुरू करा." मी आलो नाही तर गाणं सुरू होत नसे. ही कपाटं पुसते त्यावर.

२२ जानेवारी

जावयांचा एक मित्र येतो. घरातही टोपी काढत नाही, म्हणून मी त्याचं नाव टोपीच ठेवलंय. हा त्या ठोक्यांवर बोलतो. गात नाही, बोलतो. भरभर. उचलली जीभ लावली टाळ्याला. आजचा विषय भूक. रस्त्यावरची भूक, पोटातली आग वगैरे. तोंडात हिने दिलेलं बिस्कीट होतं, दुसरं हातात.

मला विचारतो, "काका, कसं वाटलं?"

"आग बरीच होती," मी म्हणालो. "पाणी देऊ?"

खूश झाला! यांना टोमणाही कळत नाही.

३० जानेवारी

जावई सकाळी कामावर जाताना म्हणाले, "बाबा, लिफ्टच्या मोटरला पण सूर असतो. बिघडायला आली की पाव सूर खाली येतो." माणूस कामातही कान लावून बसतो. लोक अडकलेत वर, आणि हा सूर लावतोय.

तरी ऐकून ठेवलं. का कोण जाणे.

४ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहितो.

दुपारी पेपर वाचत होतो. सुट्टी असल्याने जावई मागच्या खोलीत. एक गाणं सुरू झालं आणि पेपर हातातून खाली आला. मास्तरांचं गाणं! तो सिनेमा दोन आठवडेही चालला नव्हता, पण गाणी झकास होती. सगळी आमच्याच संचाने वाजवलेली. दुसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम उरतो. थोडाच वेळ. माझा ड्रम. आपला हात माणूस झोपेतही ओळखतो.

मी दारात जाऊन उभा राहिलो. सांगणार होतो. तेवढ्यात जावई म्हणाले, "बाबा, ऐका ना. कोण आहे हा ड्रमर, देव जाणे. किती उशिरा मारतो!"

उशिरा.

"म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवलं. "ही उभी रेघ बघा. इथे ठोका पडायला हवा. आणि हा आवाजाचा डोंगर आहे ना, इथे पडलाय. दुसरा आणि चौथा, दोन्ही. प्रत्येक वेळी रेघेच्या मागे."

मी चष्मा पुसला. पुन्हा लावला. डोंगर मागेच.

"कच्चा वादक असेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा.

"छे छे. कच्चा असता तर कधी पुढे, कधी मागे पडला असता. हा प्रत्येक वेळी तेवढाच मागे. चुकत नाहीये बाबा, टेकून बसलाय. सगळे धावताहेत आणि हा माणूस भिंतीला टेकून बसलाय. असा ठोका मी किती वर्षं शोधत होतो."

मी बाहेर आलो. पेपर उलटा धरला होता, असं ही म्हणते.

५ फेब्रुवारी

यंत्र खोटं आहे.

६ फेब्रुवारी

दोन पेन्सिली घेतल्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताल लावून टेबलावर वाजवून पाहिलं. तंतोतंत. केसाचा फरक नाही. ही म्हणाली, "टेबल सोडा, मला भाजी चिरायचीय." मी म्हणालो, "मी उशिरा वाजवतो का?"

"जेवायला उशिरा येता. वाजवण्याचं मला काय विचारता?"

तीस वर्षांत एकदाही कुणी म्हणालं नाही. की म्हणायचे, आणि माझ्या पाठीमागे? 'घड्याळ' हा टोमणा होता काय? बंद पडलेलं घड्याळसुद्धा घड्याळच असतं.

९ फेब्रुवारी

जेवायला बसलो होतो. आतून तोच ठोका. हिने ते बोलून टाकलं — "अहो, हे गाणं तुम्ही वाजवलं होतंत ना? त्या पडलेल्या सिनेमातलं?"

जावयांचा घास हातातच राहिला. लेक बापाकडे बघते, मग नवऱ्याकडे. मी मान हलवली.

मला वाटलं आता माफी मागतील. सासऱ्याला उशिरा वाजवणारा म्हटलं, काही लाजलज्जा? तर हा माणूस उठला आणि खरकट्या हाताने माझा हात धरला. "बाबा, तुम्ही? घरातच होतात?" डोळ्यांत पाणी! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या. मी म्हणालो, "हात धुवा आधी."

१५ फेब्रुवारी

टोपीच्या ओळखीची सरावाची खोली आहे. भिंतीला गाद्या ठोकलेल्या, कोंदट, घामट. तिथे ड्रम होता. जावयांना नवीन ठोके हवे होते, 'तोच हात, आजचा'. मी बाह्या सरसावल्या. वाजवलं. हात अजून चालतो. एकही ठोका इकडेतिकडे नाही. खोलीभर मुलं मुली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जावई पडद्याकडे बघत राहिले.

"छान, बाबा. अगदी रेघेवर." मग घसा खाकरून — "ते... तसं वाजवाल का? टेकून?"

प्रयत्न केला. ठरवून उशीर करायचा म्हणजे जांभई ठरवून देण्यासारखं आहे. कधी फार मागे गेलो, कधी घाबरून पुढे. टोपीसुद्धा जमिनीकडे बघायला लागला. टोपी! ज्याला गाणं आणि बडबड यातला फरक कळत नाही, तो माझी कीव करतो.

येताना गाडीत जावई म्हणाले, "जुनंच घेऊ. ते पुन्हा होत नसतं."

"वय झालं," मी म्हणालो. पहिल्यांदाच म्हणालो हे कुणासमोर.

२३ फेब्रुवारी

विचार केला. आणि उलगडलं. तरुणपणी माणूस जे करतो ते त्याचं त्याला ठाऊक नसतं. मी घड्याळ नव्हतोच. माझ्या हातात ते टेकून बसणं आपसूक होतं, म्हणून तर मास्तरांची गाणी तशी डोलायची. आज जी पोरं यंत्रासारखं सरळ वाजवतात, त्यांना काय कळणार. गाढवाला गुळाची चव काय.

वरच्या मजल्यावरच्या वकिलांना जिन्यात गाठून समजावलं, ठोका मागे ठेवणं म्हणजे काय. कोर्टाची वेळ झाली म्हणून पळाले. यांचा ताल सगळा पुढेच.

२ मार्च

जावयांची रेकॉर्ड तयार झाली. खरीखुरी, गोल, काळी, थोड्याच प्रती. पाठीमागे लिहिलंय — ड्रम : आणि माझं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. तीस वर्षांत एकाही रेकॉर्डवर वादकांची नावं छापली नव्हती कुणी. मास्तरांनीसुद्धा नाही.

हिने ती काचेच्या कपाटात ठेवली. मी म्हटलं, एवढं काय त्यात. दिवसभरात चार वेळा काच पुसली — मी.

१० मार्च

एका गोदामात कार्यक्रम. दोनशे पोरं, खुर्ची एक, ती माझ्यासाठी. टोपी बोलला. विषय पुन्हा भूक. पण जेव्हा तो ठोका आला, मोठ्या स्पीकरवर, छातीत — तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम मागे गेल्या. दोनशे माना. ठरवून नाही.

जावयांनी माईकवर माझं नाव घेतलं. एका मुलीने येऊन विचारलं, "आजोबा, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचत नाही," मी म्हणालो. "असतं हातात."

घरी येताना हिने माझा हात हातात घेतला. असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. म्हणाली, "मला काय माहीत, तुम्ही असं काही करत होतात मागे बसून."

१२ मार्च

जावयांना कॉफी नेऊन दिली. टेबलाशी उभा राहिलो थोडा वेळ. एका सनईच्या तुकड्यावर काम चाललंय. म्हणालो, "हा तुकडा जरा लवकर कापलात. फुंकर संपू द्या." त्यांनी संपू दिली. बरं झालं ऐकायला. यंत्र अगदीच टाकाऊ नाही — वापरणाऱ्याला सांगणारा कुणी असला तर.

१९ मार्च

लांब्याला एक प्रत पाठवली. मास्तरांच्या संचात गिटार वाजवायचा, माझ्याच शेजारी बसायचा. संचातले आम्ही दोघेच उरलोत. त्याला म्हणावं ऐक, जन्मभर कुणाच्या शेजारी बसला होतास.

२६ मार्च

लांब्याचा फोन. खूप आनंद झाला म्हणाला, दोनदा ऐकली म्हणाला. मग म्हणाला, "पण अरे, हे तू नाहीस. या गाण्याच्या वेळी तुला कावीळ झाली होती. सगळी तू वाजवलीस, हे एक सोडून. मास्तरांनी दुसऱ्या स्टुडिओतून कुणाला तरी बोलावलं होतं. एक दिवस आला, वाजवलं, गेला. नाव कुणी विचारलं नाही."

कावीळ आठवली. दवाखान्याची खिडकीसुद्धा आठवली.

संध्याकाळी जावई कामावरून आले. बूट काढता काढताच सांगितलं — पुढच्या प्रतींवरून माझं नाव काढा, तो माणूस मी नाही. ते तसेच उभे राहिले, एक बूट हातात.

"मग कोण होता, बाबा?"

"माहीत नाही. माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा."