टोमॅटोचे पाणी तोडण्याबाबत

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. आपले गुडघे आणि साडूभाऊंचा रक्तदाब आटोक्यात असावेत, अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे (वजनकाट्याचे मत वेगळे आहे).

पत्रास कारण टोमॅटो. आपल्या धाकट्या बहिणीने लावलेले हे शेवटचे पीक सॉसच्या कारखान्यासाठी आहे. त्यांना फळात गर जास्त आणि पाणी कमी लागते. म्हणून फळे रंगू लागताच पाणी तोडत न्यावे, हा नियम तिला मीच शिकवला होता. ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, मातीतला ओलावा मोजणारे यंत्र, सर्व यथास्थित आहे. मी तेवढा नाही.

झाले असे, की मोबाइलवरून पंप चालवण्याची पेटी बसवली, तेव्हा तीत कोणाचा तरी आवाज भरायचा होता. मी भरला. तिचे म्हणणे पडले, की ही पंपाची सूचना नसून जप्तीची वाटते. मग तिने स्वतःचा भरला. पंप चालू केला की आजही फोन येतो, "अहो, पाणी सोडलंय. चपला घालून चिखलात जाऊ नका." बंद केला की, "झालं पाणी. या आता जेवायला."

परिणामी मी पाणी फार देतो (सकाळी नळ्या धुण्यासाठी, दुपारी दाब पाहण्यासाठी, संध्याकाळी पंप गंजू नये म्हणून, मी पदवीधर असल्याने कारणांचा तुटवडा नाही). यंत्र रोज 'ओलावा पुरेसा' असे कळवते. मी त्याच्याशी बोलणे सोडले आहे. फळे टरारून फुटू लागली आहेत.

काल कारखान्याचे तपासनीस आले. त्यांनी एक फळ पिळून रस तपासला आणि मान हलवली. "काका, याचा सॉस नाही होणार, सरबत होईल. आजपासून पाणी बंद करा, नाहीतर सगळा माल परत येईल." तिचे टोमॅटो दारातून परत आलेले मला पाहवणार नाहीत, म्हणून मी तत्काळ होकार दिला. ते फाटकाबाहेर पडताच, पाणी नीट बंद होते ना, याची खात्री करण्यासाठी मी ते एकदा चालू केले.

बाकी सर्व क्षेम.

आपला,
धाकट्या बहिणीचे यजमान

ता. क. विनंती एवढीच, की आपण यावे आणि तोडणी होईपर्यंत माझा फोन व पेटीची किल्ली आपल्या ताब्यात ठेवावी. मी अत्यंत सभ्यपणे परत मागेन. देऊ नये.

ता. क. २. तेवढे दिवस मला जेवायला कोणीतरी हाक मारावी लागेल. आपण मारलीत तरी चालेल. फक्त 'अहो' म्हणू नये.