पाण्याखालची पानं

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं, खोलीही कोरडी आहे. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

रोपवाटिकेतली दोन काचघरं सध्या माझ्याकडे आहेत. एक कोरडं; तिथली झाडं जाड, मेणचट पानांत पाणी दडवून बसतात. दुसरं दमट, पाणवनस्पतींचं. दिवसभर ये-जा करून एकीकडे ओठ फुटतात, दुसरीकडे कपडे भिजतात. संध्याकाळी बोलायचंही त्राण उरत नाही, म्हणून फोनवर तुटक बोलते. मनाला लावून घेऊ नकोस.

परवा मी घोळ घातला. हौदातल्या एका झाडाला वर रुंद, तकतकीत पानं होती आणि पाण्याखाली नुसती दोऱ्यांसारखी. मला वाटलं, रोग पडलाय. हात घालून निम्मी खुडून टाकली. माळीकाका बघतच राहिले. मग म्हणाले, "अगं, ती आजारी नव्हती. हे नदीतलं झाड. वाहत्या पाण्यात रुंद पान फाटतं, म्हणून पाण्याखाली ते असली बारीक पानं काढतं. वर आलं की रुंद." ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

धाकटी अजून तुझ्याच अंथरुणात शिरते का?

सुट्टीचं नक्की झालं की कळवेन. आले की मी तुला बारीक आणि अबोल वाटेन. आजारी समजून लगेच डॉक्टरकडे नेऊ नकोस. चार दिवस नुसती तुझ्याजवळ बसू दे; रुंद पान मग आपोआप येईल.

तुझीच,
थोरली