मिठाआधीचा वाटा

विश्रांतवाडी, मार्गशीर्षातला मंगळवार, संध्याकाळ

सुमन लेकीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला गेली आणि घरातल्या कासवाने खाणं कमी केलं. डब्यातलं खाद्य अर्धं उरतं. आज दुधात पोळी कुस्करून ठेवली, शेजारी बसून शाळेत पाठ केलेली एक कविताही म्हटली. त्याची मान काही बाहेर येईना. शेवटी तिलाच फोन लावला.

"अहो, दूध-पोळी बाधते त्याला. आणि कवितेनं पोट भरत असतं तर माझा स्वयंपाक कधीच सुटला असता. गाजर किसा. मीठ घालायच्या आधी त्याचा वाटा काढा, मग तुमची कोशिंबीर करा."

मीठ घालायच्या आधी. म्हणजे रोज नैवेद्यासारखा त्याचा वाटा ती आधी काढायची तर.

गाजर किसलं, चिमूटभर टबात सोडलं. हळूच मान आली, खाल्लंन्. जरा इकडेतिकडे बघितलंन्. कुणाला शोधत होतं, कोण जाणे. मी तरी दुसरं काय करतो दिवसभर?

उरलेला कीस घेऊन तिथेच टेकलो. निम्मा संपल्यावर कळलं, मीठ घालायचं राहिलंच. उठलो नाही. मीठ ती आल्यावर घालेल.